अमेरिकेच्या दक्षिणेतील मध्यम शहरे आणि तिथे येणारे नवे रहिवासी

अमेरिकेचे जनगणना खाते ज्याला ‘दक्षिण’ म्हणते, त्या भागात डेलावेअरपासून टेक्सासपर्यंतची सोळा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांचा समावेश होतो. २०२० च्या जनगणनेत या भागाची लोकसंख्या १२ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. जुलै २०२३ मध्ये संपलेल्या एका वर्षात तर देशात जेवढी माणसे वाढली, त्यांपैकी ८७ टक्के या एकाच भागात वाढली. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा या महानगरांकडे जाणारा ओघ जुना आहे. मात्र गेल्या दोन-तीन दशकांत चॅटनूगा, हंट्सव्हिल, ग्रीनव्हिल, नॉक्सव्हिल, अ‍ॅशव्हिल अशी एकेकाळी नकाशावर शोधावी लागणारी शहरे नव्या कुटुंबांची पहिली पसंती ठरू लागली. हे का घडले, आणि शेजारच्याच तशाच शहरांत का घडले नाही, हा या आढाव्याचा विषय आहे.

मध्यम शहर कशाला म्हणावे याची ठरलेली व्याख्या नाही. येथे साधारण सत्तर हजार ते सव्वादोन लाख वस्तीची शहरे अभिप्रेत आहेत: ज्यांना स्वतःचे मोठे रुग्णालय आहे, विमानतळ फार दूर नाही, एखादे विद्यापीठ आहे आणि आसपासच्या अनेक काउंट्यांतले लोक खरेदीला नि उपचारांना जिथे येतात. लोकसंख्येचे आकडे वाचताना मात्र एक सावधगिरी हवी. साउथ कॅरोलिनातील ग्रीनव्हिल शहराच्या हद्दीत २०२० मध्ये ७०,७२० माणसे राहत होती, तर त्याच नावाच्या काउंटीत सव्वापाच लाख. याउलट अलाबामातील हंट्सव्हिलने शेजारच्या काउंट्यांतली शेतजमीन हद्दीत ओढत स्वतःचा नकाशाच वाढवून घेतला. त्यामुळे हद्दीतली माणसे मोजून दोन शहरांची तुलना केली, तर ती फसवी ठरते.

स्वस्त घरे, कमी कर, सौम्य हिवाळा आणि अगत्यशील माणसे, असे या आकर्षणाचे उत्तर सहसा दिले जाते. ते अपुरे आहे हे मिसिसिपीची राजधानी जॅक्सन पाहिली की लगेच कळते. हे चारही गुण तिथे पूर्वीपासून आहेत. तरी १९८० मध्ये दोन लाखांच्या वर असलेली तिथली वस्ती २०२० मध्ये १ लाख ५३ हजारांवर आली. ऑगस्ट २०२२ मध्ये शहराचा मुख्य जलशुद्धीकरण प्रकल्प कोलमडला आणि सुमारे दीड लाख लोकांच्या नळाला पिण्यायोग्य पाणी येईनासे झाले. वर्षानुवर्षे पुढे ढकललेली दुरुस्ती, शाळांतील वंशभेद कायद्याने संपल्यानंतर उपनगरांकडे निघून गेलेला गोरा मध्यमवर्ग, त्यामुळे आटलेले करउत्पन्न आणि राज्य सरकारशी चाललेला बेबनाव अशी त्यामागची साखळी होती. स्वस्ताई माणसाला गावाच्या वेशीपर्यंत आणते. तो तिथे बिऱ्हाड थाटतो की नाही, हे शहराने स्वतः उभ्या केलेल्या आणि राखलेल्या सार्वजनिक गोष्टींवर ठरते: पाणी, वीज, शाळा, नदीकाठ, रोजगार. यशस्वी ठरलेल्या प्रत्येक शहराच्या इतिहासात ही गोष्ट ठळकपणे दिसते.

मुळात दक्षिणेकडे माणसे येतील, हेच शंभर वर्षांपूर्वी कुणाला खरे वाटले नसते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेले. गरीब गोरेही मोठ्या संख्येने गेले. मागे राहिला तो कापसाचा, कर्जाचा आणि हिवतापाचा प्रदेश. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने धरणे बांधून स्वस्त वीज आणली आणि डासांचा बंदोबस्तही केला. १९५१ पर्यंत देशातून हिवताप हद्दपार झाला. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले. मग घरोघरी वातानुकूलन आले. १९६० मध्ये दक्षिणेतल्या पाचांतल्या एका घरातही ते नव्हते, १९८० पर्यंत चारांतल्या जवळपास तीन घरांत पोहोचले. ओसरीवर बसून रात्र गार होण्याची वाट पाहणारा समाज दारे-खिडक्या बंद करून आत बसू लागला. यात काही गमावलेही, पण त्याशिवाय मिनेसोटातून आलेले कुटुंब अलाबामातला जुलै काढू शकले नसते. आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा झाल्यावाचून परदेशी कंपन्या, सरकारी प्रयोगशाळा आणि सुशिक्षित स्थलांतरित इथे आलेच नसते. दक्षिणेच्या आर्थिक उदयाच्या कथेत महामार्ग आणि एसी यांना जेवढी जागा मिळते, तेवढी या दोन कायद्यांना मिळत नाही, हे न्यायाचे नाही.

आज येणाऱ्यांत निरनिराळ्या प्रकारची माणसे आहेत. पहिला गट निवृत्तांचा. त्यांच्यातल्या काहींना ‘हाफबॅक’ असे नाव पडले आहे: हे लोक आधी उत्तरेतून फ्लोरिडाला गेले, तिथला उकाडा, वादळे आणि गर्दी सोसेना म्हणून अर्ध्या वाटेवर परत आले आणि कॅरोलिना किंवा टेनेसीच्या डोंगरात स्थिरावले. दुसरा गट बदली किंवा नव्या कारखान्यामुळे येणाऱ्या नोकरदारांचा. तिसरा गट घरून काम करणाऱ्यांचा असून कोरोनाच्या साथीनंतर तो झपाट्याने वाढला. त्याला ओढण्यासाठी काही गावांनी रोख रक्कमही देऊ केली: वायव्य अलाबामातील ‘रिमोट शोल्स’ ही योजना २०१९ पासून निवडक अर्जदारांना दहा हजार डॉलरपर्यंत देते. चौथा गट आहे कृष्णवर्णीय कुटुंबांचा. ज्यांचे आजी-आजोबा दक्षिणेतून जीव मुठीत धरून निघाले होते, त्यांची नातवंडे १९७० च्या दशकापासून परत येऊ लागली. आणि स्थलांतरितांचा, त्यांत भारतीयांचाही, पाचवा गट.

या सर्वांना खर्चाचे गणित प्रथम दिसते. टेनेसी राज्य पगारावर प्राप्तिकर घेत नाही. व्याज आणि लाभांशावरचा जुना करही १ जानेवारी २०२१ पासून संपला. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातून येणाऱ्याला ही थेट पगारवाढच वाटते. परंतु राज्य चालवायला पैसा कुठून तरी लागतोच. चॅटनूगात खरेदीवर ९.२५ टक्के विक्रीकर बसतो आणि थोड्या कमी दराने का होईना, किराण्यावरही बसतो. अलाबामात मालमत्ता कर देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांइतका आहे, पण हंट्सव्हिलमध्ये विक्रीकर ९ टक्के आहे. किराण्यावरचा राज्याचा वाटा ४ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ३ आणि २०२५ मध्ये २ टक्क्यांवर आणावा लागला, कारण गरिबाच्या ताटावरचा हा कर अनेक वर्षे टीकेचा विषय होता. साउथ कॅरोलिनात मालक स्वतः राहत असलेल्या घराचे करमूल्य बाजारभावाच्या ४ टक्के धरतात, भाड्याने दिलेल्या घराचे ६ टक्के. थोडक्यात, घर विकत घेऊ शकणाऱ्या चांगल्या पगाराच्या माणसाला दक्षिण स्वस्त पडते. कमी पगारावर, भाड्याने राहणाऱ्याला ती तितकी स्वस्त नाही. अलाबामा, टेनेसी आणि साउथ कॅरोलिना यांनी स्वतःचे किमान वेतन ठरवलेलेच नाही. २००९ पासून न हललेला ताशी ७.२५ डॉलरचा केंद्रीय दर तिथे लागू आहे. गरिबांच्या ‘मेडिकेड’ आरोग्य योजनेचा विस्तारही या तीन राज्यांनी नाकारला; नॉर्थ कॅरोलिनाने तो डिसेंबर २०२३ मध्ये स्वीकारला. नव्या रहिवाशाला हा फरक आजारी पडेपर्यंत जाणवत नाही.

रोजगाराच्या बाबतीत हंट्सव्हिलचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९५० मध्ये हे सोळा हजार वस्तीचे कापूस गिरण्यांचे गाव होते आणि वॉटरक्रेस या पालेभाजीसाठी ओळखले जाई. त्या वर्षी लष्कराने अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना टेक्सासहून इथल्या रेडस्टोन आर्सेनलमध्ये हलवले. १९६० मध्ये मार्शल अंतराळ उड्डाण केंद्र सुरू झाले, आणि माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाचा विकास इथे झाला. या चमूतल्या काहींचा भूतकाळ नाझी जर्मनीतल्या अग्निबाण कारखान्याशी जोडलेला होता, जिथे छळछावणीतल्या कैद्यांना राबवून मारले गेले. शहराच्या गौरवगाथेत ही बाजू फार उशिरा आली. १९५० नंतरच्या दहा वर्षांत गावाची वस्ती बहात्तर हजारांवर गेली. फॉन ब्राउन यांनी १९६१ मध्ये राज्याच्या विधिमंडळासमोर उभे राहून संशोधन संस्थेसाठी पैसा मागितला आणि मिळवला. त्यातून पुढे इथले विद्यापीठ वाढले. १९६२ मध्ये कमिंग्ज रिसर्च पार्क आखला गेला. सत्तरच्या दशकात अपोलो मोहीम आटोपली तेव्हा हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. एका सरकारी कामावर जगणाऱ्या गावाची तिथेच वाताहत व्हायची. पण विद्यापीठ आणि पार्क उभे होते, म्हणून अभियंत्यांना गावातच दुसरे काम सापडू शकले.

पुढे लष्करी तळांच्या फेररचनेत, २००५ च्या निर्णयानुसार, आर्मी मटेरियल कमांडचे मुख्यालय व्हर्जिनियाहून हंट्सव्हिलला आले. बदली होणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात अलाबामाविषयी शंका होत्या, आणि त्या निराधार नव्हत्या. शहराने त्यांना घरे दाखवली, शाळा दाखवल्या, आणि कामावर पोहोचायला सरासरी वीस मिनिटांच्या आसपास लागतात हे प्रत्यक्ष अनुभवू दिले. वॉशिंग्टनच्या वाहतुकीत रोज दोन-अडीच तास घालवणाऱ्या माणसाला यापेक्षा वेगळी जाहिरात लागत नाही. २००८ मध्ये हडसनअल्फा ही जैवतंत्रज्ञान संस्था आली, सप्टेंबर २०२१ मध्ये माझदा आणि टोयोटाच्या संयुक्त कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. २०२० च्या जनगणनेत २,१५,००६ लोकसंख्येसह हंट्सव्हिलने बर्मिंगहॅमला मागे टाकले आणि ते अलाबामातले सर्वांत मोठे शहर झाले. इथे आणखी एक गोष्ट घडली, जी आकड्यांत दिसत नाही. जुन्या दक्षिणी गावात नवख्याला ‘तुम्ही कुठल्या घराण्यातले?’ हा प्रश्न टाळता येत नाही. हंट्सव्हिलमध्ये बहुतेकजण बाहेरूनच आलेले असल्याने तो प्रश्नच मागे पडला. नवख्यांनी भरलेले शहर पुढच्या नवख्याला सोपे जाते.

चॅटनूगाची वाट निराळी होती, आणि ती अधिक अवघड होती. टेनेसी नदीच्या वळणावरचे हे ओतकामाचे, भट्ट्यांचे शहर. १९६९ मध्ये केंद्र सरकारच्या अहवालाने इथली हवा देशात सर्वांत घाणेरडी ठरवली आणि दूरदर्शनवरून ते साऱ्या देशाने ऐकले. डोंगरांच्या कुशीत धूर अडकून राही. भर दिवसा गाडीचे दिवे लावावे लागत असे लोक सांगत. हवा सुधारायला वीस वर्षे लागली, आणि ती सुधारेपर्यंत कारखानेच बंद पडत गेले. १९८० ते १९९० या दशकात शहराने दहा टक्के माणसे गमावली. याच दशकात १९८४ मध्ये ‘चॅटनूगा व्हेंचर’ नावाच्या नागरी संस्थेने शहरभर सभा घेतल्या आणि साध्या लोकांना विचारले की सन २००० मध्ये गाव कसे हवे. शेकडो सूचना आल्या. त्यांतला समान धागा नदी हा होता: गाव नदीवर वसले होते, पण नदीपर्यंत पोहोचायला धड वाट नव्हती.

मग एकेक काम उभे राहत गेले. १९९२ मध्ये नदीकाठी टेनेसी मत्स्यालय उघडले. गोड्या पाण्यातील जीवसृष्टीला वाहिलेल्या या संस्थेसाठी प्रामुख्याने खासगी देणग्यांतून पैसा उभा राहिला. कोका-कोला बाटल्यांत भरून विकण्याचा उद्योग १८९९ मध्ये याच शहरात सुरू झाला होता. त्यातून श्रीमंत झालेल्या घराण्यांच्या न्यासांनी गावासाठी हात सैल सोडला, हे चॅटनूगाचे भाग्य. १८९१ चा वॉलनट स्ट्रीट पूल १९७८ पासून धोकादायक म्हणून बंद होता. पाडायचे ठरत असताना नागरिकांनी तो वाचवला आणि १९९३ मध्ये तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. आज संध्याकाळी त्या पुलावर लहान मुले, म्हातारी माणसे, पळणारे, नुसते उभे राहून पाणी पाहणारे असे सगळे एकत्र दिसतात. मोटारीवाचून पान हलत नाही अशा प्रदेशात, पैसे न देता आणि काही न विकत घेता लोकांमध्ये असण्याची अशी जागा फार मोलाची असते.

चॅटनूगाचे दुसरे मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. शहराच्या मालकीच्या इलेक्ट्रिक पॉवर बोर्डाने, म्हणजे ईपीबीने, वीजजाळे आधुनिक करताना प्रत्येक ग्राहकापर्यंत ऑप्टिकल फायबर नेले. केंद्राच्या ११ कोटी १० लाख डॉलरच्या अनुदानाने कामाला वेग आला, आणि २०१० मध्ये संपूर्ण सेवाक्षेत्रात सेकंदाला एक गिगाबिटचे इंटरनेट देणारे हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. मूळ हेतू वीज होता: वादळात झाड पडून तार तुटली की जाळ्यातले स्वयंचलित खटके तेवढाच भाग अलग करतात आणि बाकीच्यांची वीज दुसऱ्या वाटेने चालू राहते. केबल कंपन्यांनी खटले भरले, ते टिकले नाहीत. मात्र राज्याच्या कायद्याने ईपीबीला स्वतःच्या वीजक्षेत्राबाहेर इंटरनेट देण्यास मनाई केली आहे. २०१५ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न केला, पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो रद्द ठरवला. परिणामी हद्दीच्या अलीकडच्या घरात देशातले उत्तम इंटरनेट आणि पलीकडच्या वस्तीत नेहमीची रड, अशी स्थिती राहिली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा याच जाळ्यामुळे काउंटीतल्या गरीब विद्यार्थ्यांच्या घरी मोफत जोडण्या देता आल्या. नव्या उद्योजकांना ओढण्यासाठी ज्या सुविधेची जाहिरात झाली, तिचा सर्वांत चांगला उपयोग हाच म्हटला पाहिजे.

फोक्सवॅगनने २००८ मध्ये चॅटनूगाची निवड केली. दुसऱ्या महायुद्धातल्या दारूगोळा कारखान्याची पडीक जागा शहराने आधीच साफ करून ठेवली होती. २००९ मध्ये पुण्याजवळ चाकणला आणि २०११ मध्ये चॅटनूगाला, असे एकाच कंपनीचे दोन कारखाने दोन वर्षांच्या अंतराने सुरू झाले. करसवलती आणि रस्ते देऊन एक मोठा उद्योग आणायचा आणि त्याच्या मागून पुरवठादारांची रांग लावायची, हे तंत्र मराठी वाचकाला अनोळखी नाही. दक्षिणेतली राज्ये या सवलतींबरोबर दुबळ्या कामगार संघटना हेही आमिष म्हणून मांडत आली. चॅटनूगाच्या कामगारांनी २०१४ आणि २०१९ मध्ये संघटनेला थोडक्या मतांनी नकार दिला होता. एप्रिल २०२४ मध्ये ७३ टक्क्यांनी होकार दिला. स्वस्त मजुरीवर उभी असलेली वाढ कुठवर चालेल, याचे हे तिथल्याच माणसांनी दिलेले उत्तर आहे.

ग्रीनव्हिलच्या यशाचे मूळ एका रस्त्यात आहे. एकेकाळी जगाची वस्त्रराजधानी म्हणवणाऱ्या या गावाच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि दुकाने महामार्गालगतच्या मॉलमध्ये गेली. १९७१ ते १९७९ या काळात मॅक्स हेलर महापौर होते. व्हिएन्नातून १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून निसटलेला हा ज्यू तरुण ग्रीनव्हिलच्या शर्टांच्या कारखान्यात झाडू मारण्यापासून सुरुवात करून मोठा झाला होता. त्याच्या डोळ्यांसमोर युरोपातले चालण्याजोगे शहर होते. वास्तुरचनाकार लॉरेन्स हॅल्प्रिन यांच्या आराखड्यानुसार चार पदरी मेन स्ट्रीट दोन पदरी केला गेला, पदपथ रुंद झाले, झाडे लावली. रस्ता अरुंद करून व्यापार वाढवायचा, ही कल्पना तेव्हा उलटी वाटली असणार. आज त्या झाडांची सावली हीच त्या बाजारपेठेची श्रीमंती आहे. रीडी नदीचा धबधबा तर शहराच्या मधोमध असून कुणाला दिसत नव्हता, कारण त्याच्यावरून १९६० पासून चार पदरी पूल जात होता आणि नदीत गिरण्यांच्या रंगाचे पाणी उतरत असे. स्थानिक बागप्रेमी महिलांच्या एका मंडळाने १९६७ पासून काठाची साफसफाई आणि लागवड चालू ठेवली. २००२ मध्ये तो पूल पाडला गेला, २००४ मध्ये फॉल्स पार्क आणि धबधब्याला वळसा घालणारा लिबर्टी पादचारी पूल उभा राहिला. पूल पाडायला विरोध बराच झाला होता. जुन्या लोहमार्गावर आखलेली ‘स्वॅम्प रॅबिट’ सायकलवाट नंतर आली. मिशेलिनचे उत्तर अमेरिकेचे मुख्यालय आणि १९९४ पासून मोटारी बनवणारा शेजारच्या ग्रीअरचा बीएमडब्ल्यू कारखाना यांमुळे रोजगार होताच. येणाऱ्या अभियंत्यांना संध्याकाळी कुठे जायचे, याचे उत्तर या रस्त्याने आणि धबधब्याने दिले.

रोजच्या जगण्यात नव्या माणसाला ज्या गोष्टींशी जमवून घ्यावे लागते, त्या लहान वाटतात पण महत्त्वाच्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे पराग मोटारींवर, खिडक्यांवर, श्वासात बसतात. बससेवा तुटपुंजी असते. घरात जेवढी मिळवती माणसे तेवढ्या मोटारी लागतात आणि स्वस्त घराच्या बचतीतला मोठा हिस्सा त्यांत जातो. शेजारी पहिल्याच आठवड्यात काहीतरी भाजून घेऊन येतात, हे खरे आहे. त्याच भेटीत ‘कुठल्या चर्चला जाता?’ असेही विचारतात. यात बहुतेकदा खोचकपणा नसतो. चर्च हेच तिथले पाळणाघर, मदतकेंद्र आणि ओळखी जोडण्याचे ठिकाण असते, म्हणून तो ओळखीचाच प्रश्न आहे. पण जे कुठल्याच चर्चला जात नाहीत, त्यांना मित्र जमवायला वेळ लागतो. शाळा हा सर्वांत नाजूक विषय. हंट्सव्हिलमध्ये सप्टेंबर १९६३ मध्ये अलाबामातल्या सरकारी शाळेत पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या मुलांबरोबर प्रवेश मिळाला, आणि त्या खटल्यातून आलेली न्यायालयाची देखरेख पुढे अर्धशतकाहून जास्त चालली. शेजारच्या मॅडिसनने १९९८ मध्ये स्वतःची वेगळी शाळाव्यवस्था काढली. तिचा लौकिक इतका, की मुले असलेली अभियंत्यांची कुटुंबे आधी मॅडिसनमध्ये घर पाहतात. चांगल्या शाळेचा शोध आणि जुन्या वंशभेदाची सीमारेषा या दोन गोष्टी दक्षिणेत पुष्कळदा एकाच रस्त्यावर भेटतात.

भारतीयांची वस्ती नॉर्थ कॅरोलिनाच्या ट्रँगल परिसरात सर्वाधिक डोळ्यांत भरते. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या रिसर्च ट्रँगल पार्कमुळे रॅली, डरहॅम आणि चॅपल हिल या तीन विद्यापीठ-शहरांमध्ये संगणक आणि औषध कंपन्या आल्या, त्यांच्यामागून हैदराबाद, पुणे, बंगळूरची कुटुंबे आली. कॅरी गावात व्यंकटेश्वराचे मंदिर आहे. शेजारच्या मॉरिसव्हिलने क्रिकेटचे मैदान बांधले आणि २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. मराठी मंडळ, गणेशोत्सव आणि दिवाळीचे कार्यक्रम यांमुळे मराठी माणूस इथे एकटा पडत नाही. यातही हंट्सव्हिलचाच नियम दिसतो: आपल्यासारख्या पहिल्या पन्नास कुटुंबांचे बस्तान बसले की पुढच्या पाचशेंना वाट विचारावी लागत नाही.

निसर्ग हे या शहरांचे मोठे भांडवल आहे आणि तेच मोठे संकटही. २७ एप्रिल २०११ रोजी टोर्नेडो वादळांच्या मालिकेने अलाबामात दोनशेहून अधिक बळी घेतले आणि मुख्य वीजवाहिन्या कोसळल्याने हंट्सव्हिल कित्येक दिवस अंधारात राहिले. घर पाहताना तळघर किंवा वादळ-आसरा आहे का, हे तिथे विचारलेच पाहिजे. ब्लू रिज डोंगरातल्या अ‍ॅशव्हिलकडे तर हवामानबदलापासून सुरक्षित ठिकाण म्हणून लोक पाहत होते: समुद्र दूर, उंची सहाशे मीटरच्या वर, उन्हाळा सुसह्य. २७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन वादळाचा पाऊस तिथल्या दऱ्यांत कोसळला. फ्रेंच ब्रॉड नदीने पुराचे जुने सारे उच्चांक मोडले, कलावंतांच्या कार्यशाळांनी गजबजलेला नदीकाठ वाहून गेला आणि जलाशयाच्या मोठ्या वाहिन्या उखडल्या. नळाचे पाणी पुन्हा पिण्यायोग्य व्हायला ५३ दिवस लागले. नदीकाठ हे ज्या शहरांचे वैभव आहे, त्या सर्वांना या घटनेकडे पाठ फिरवता येणार नाही.

आता राहिला प्रश्न, ही शहरे नव्यांना आवडू लागल्यावर जुन्यांचे काय होते हा. २०२० नंतर घरांच्या किमती आणि भाडी पगारांपेक्षा वेगाने चढली. टेनेसी, अलाबामा, दोन्ही कॅरोलिना आणि जॉर्जिया या राज्यांनी भाडेनियंत्रणाला कायद्यानेच बंदी घातली आहे, म्हणून शहराच्या हातात फारसे उपाय उरत नाहीत: अधिक घरे बांधू द्यायची, स्वतःची जमीन स्वस्त घरांसाठी द्यायची, किंवा कर्जरोख्यांतून निधी उभारायचा. ज्या वस्तीजवळ उद्यान किंवा सायकलवाट येते, तिथे भाव आधी चढतात, आणि त्या वस्त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या असतात, कारण पूर्वी पुराची आणि कारखान्यांलगतची जमीनच त्यांच्या वाट्याला आली होती.

चॅटनूगाच्या ज्या पुलावर आज मुले खेळतात, त्याच वॉलनट स्ट्रीट पुलावर १९ मार्च १९०६ रोजी जमावाने एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला फाशी दिले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा स्थगित केली होती. न्यायालयाचा अवमान झाला म्हणून शेरीफवर खुद्द सर्वोच्च न्यायालयाने खटला चालवला आणि १९०९ मध्ये त्याला दोषी ठरवले. अमेरिकेच्या इतिहासात त्या न्यायालयाने चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला. शतकभर पुलावर याची काही खूण नव्हती. नागरिकांच्या प्रयत्नांनी २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाशी त्याचे स्मारक उभे राहिले. परत येणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या दृष्टीने असे स्मारक चांगल्या इंटरनेटइतकेच महत्त्वाचे आहे: शहर आपल्याला खरे सांगते की नाही, हे त्यावरून कळते.

ग्रीनव्हिलमध्ये २०२२ मध्ये युनिटी पार्क खुला झाला. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी राखलेले मेबेरी पार्क, नदीचा दुर्लक्षित काठ आणि पालिकेची जुनी आवारे जोडून तो बनला आहे. लगतच्या सदर्नसाइड वस्तीतल्या लोकांनी अशा उद्यानाची मागणी फार पूर्वीपासून केली होती, आणि ते झाले तेव्हा त्यांतले बरेच लोक वाढत्या भाड्यामुळे तिथून हललेले होते. उद्यानाशेजारची काही एकर जमीन शहराने परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवली आहे.